तीन पानं खोकणारी नायिका

भूममध्ये दोन माणसं भेटली की पाऊसपाण्याचं विचारायची, गुराढोरांचं विचारायची. बाजाररस्त्यावरच्या चाचांच्या ओट्यावर मात्र तीन शहाणे बसायचे, आणि ते एकमेकांना विचारायचे, 'सध्या काय वाचताय?' मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, वा, काय विद्वान गाव मिळालं! पुढं कळलं ते असं, की गावात विद्वान हे तिघेच, आणि त्यांतला एक माझा नवरा.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं होती. आमचे हे तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे साधे कारकून. चाचा शिंपी, ओटा त्यांच्याच दुकानाचा. त्यांच्या दुकानाला लागून असलेल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या आणि आमच्या चुलीशेजारची खिडकी नेमकी ओट्यावर उघडायची. मी कान लावून ऐकत बसायचे असं कुणी म्हणेल, तर ते खोटं आहे. भाकरी थापताना कानाचं काय करणार? ते उघडेच असतात.

तिसरे समोरचे किराणावाले आप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलताना मधेच कानडी. ते उमरग्याच्या पलीकडून येऊन इथं स्थायिक झाले होते.

आता गंमत ऐका. चाचा वाचायचे उर्दू, आप्पा वाचायचे कानडी. आमच्या ह्यांच्या पिशवीत मराठी पुस्तक असायचं. बोलायला तिघांनाही आमची इकडची मराठी यायची, पण वाचायला एकाचं अक्षर दुसऱ्याला ओळखता यायचं नाही. आणि असं असून तिघं एकमेकांना इतक्या आग्रहानं पुस्तकं सुचवायचे, की लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारे परवडले. 'हे वाचाच हो तुमी,' आप्पा म्हणायचे, आणि कानडी पुस्तक ह्यांच्या हातात कोंबायचे. ते पुस्तक हे घरी आणायचे. फळीवर हळद-कुंकवाच्या शेजारी आठ दिवस ठेवायचे. नवव्या दिवशी परत नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, 'छान आहे आप्पा. छपाई फार सुबक.' आप्पांना त्यातही आनंद व्हायचा.

म्हणून ओट्यावर एक रीत पडली होती. पुस्तक वाचायला द्यायचं नाही, सांगायचं. कचेरी सुटली की दिवेलागणीपर्यंत एकानं सांगायचं आणि दोघांनी ऐकायचं. एक पुस्तक पाच-सहा संध्याकाळी चालायचं. चाचांची मशीन तेवढ्यापुरती हळू चालायची. गोष्टीत कुणी मरायला टेकलं की चाक थांबायचं आणि ते जिवावरून वाचलं की पुन्हा फिरायचं. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यामुळं कुठं बारीक टाका, कुठं मोठा. शेवटच्या दिवशी सांगणाऱ्यानं निकाल द्यायचा, 'जरूर वाचावी अशी आहे.' एकदा निकाल लागला की ते पुस्तक तिघांनीही वाचलं असं धरायचे. बाजारात कुणी विचारलं तर तिघंही छातीठोकपणे त्याची शिफारस करायचे. ह्या बाबतीत मी हात टेकले होते.

आता माझ्या नवऱ्याची गोष्ट. ते उर्दू मदरशातून, म्हणजे सरकारी शाळेतून शिकलेले. उर्दू असं लिहायचे की कचेरीतले वरचे पेशकारसाहेबसुद्धा कागद दोनदा बघायचे. मराठी मात्र आईचं पत्र आणि दुकानाची पाटी, एवढंच. जोडाक्षर आलं की थांबायचे, दोन शब्द मागं यायचे, धाव घ्यायचे आणि पुन्हा तिथंच अडायचे. पण ओट्यावर मराठीची बाजू लढवायची कुणी? तेव्हा पुस्तकं वाचायची मी.

मी बार्शीची. बार्शी इंग्रजी मुलखात, तिथं मराठी चार यत्ता झालेल्या. माझा थोरला भाऊ दर दोन महिन्यांनी यायचा आणि पिशवीत तीन-चार पुस्तकं घालून आणायचा. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर पिशवी उघडायला लागायची. तिथला माणूस पुस्तक उलटं धरून चाळायचा आणि विचारायचा, 'क्या है इसमें?' भाऊ म्हणायचा, 'कहानी.' 'अच्छी है?' भावाला पुस्तकाबद्दल खोटं बोलताच यायचं नाही. एकदा तो म्हणाला, 'मधे जरा पडते,' आणि नाक्यावरच्या माणसानं त्याला तोंडभर हसून सोडलं.

दुपारभर मी वाचायचे. रात्री हे ताटावर बसले की सांगायचे. घास हातात, हात अर्ध्यावर, आणि 'मग?' आमटीवर साय धरायची तरी ह्यांचं 'मग?' चालूच. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट ओट्यावर. आणि काय त्यांचा तो थाट! मधेच डोळे चोळायचे, जणू रात्रभर कंदिलाशी बसून फोडलेत. 'मी वाचलं' असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही, हं. 'पुस्तकात असं आहे,' असं म्हणायचे. कचेरीतला माणूस, शब्दात सापडायचा नाही. मी खिडकीतून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बोला, बोला, आमच्या जिवावर बोला!

मला राग नव्हता त्याचा. उलट मजा वाटायची. मी चुलीपाशी बसून एक गोष्ट सांगितली की ती दुसऱ्या दिवशी बाजारात फिरायची, हे काय थोडं झालं?

चाचांना एक मुलगी होती, बारा वर्षांची. आई नव्हती तिला. दुपारी हातशिलाईचं काम घेऊन ती माझ्याकडं यायची. मी अठरा वर्षांची आणि ही मला 'काकी' म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा असा राग आला होता! पण पोर गोड. गावातल्या मुलींच्या मदरशात चौथीपर्यंत उर्दू शिकली होती. पुढं शिकायचं तर धाराशिवला जावं लागणार. सरकारी कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. तिथं मुलींचा मोठा मदरसा, आणि चाचांची थोरली बहीणही तिथंच. पोरीनं बापाच्या मागं टुमणं लावलं होतं, मला पाठवा, मला पाठवा. दुपारी काजं करता करता ती मला म्हणायची, 'काकी, तुमचं अक्षर मला शिकवा की.' मी पाटीवर काढून द्यायचे. तिचा हात चांगला होता. मी तिचं कौतुक करायचे आणि विसरून जायचे. अधूनमधून ती एखादं पुस्तक चित्रं बघायला म्हणून न्यायची, चार-आठ दिवसांनी जागेवर आणून ठेवायची.

चाचा तिला पाठवतो असंही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. एकदा ओट्यावर आप्पांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'आप्पा, पोरीला पाठवायला मला हरकत न्हाय. पण चौथीच्या पुढं शिकलेली पोर म्या बघितलीच न्हाय कुठं. शिकल्यावर तिचं पुढं होतं काय, सांगा बरं?'

आप्पांना सांगता येईना. ह्यांनाही येईना. भूममध्ये तशी एकही बाई नव्हती, मग सांगणार काय? मशीन पुन्हा सुरू झाली.

त्याच वेळी भावानं एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणलं. जाडजूड कादंबरी. बाकीची पुस्तकं संपेपर्यंत ती महिनाभर फळीवरच होती. गरिबाघरची मुलगी, बाप तिला शिकवतो, ती शहरात जाते, वह्या काय, पुस्तकं काय, पहिला नंबर काय! मी तीन दुपारी बसून वाचली. भाकरी करपली, दूध उतू गेलं. कधी एकदा शेवट गाठते असं झालं. आणि शेवटाला त्या लेखकानं काय करावं? त्या पोरीला क्षय लावला! का, तर शिकली म्हणून. जास्त वाचून छाती पोकळ झाली म्हणे. तीन पानं ती खोकली. मोजून तीन पानं. आणि मरताना बापाच्या पायावर डोकं ठेवून म्हणते, 'बाबा, मी शिकायला नको होते.'

मला असा संताप आला, की मी पुस्तक फेकलंच. ते पाण्याच्या हंड्यावर आपटलं आणि पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला. अरे मेल्या, मारायचीच होती तर पहिल्या पानावर मारायची! माझ्या तीन दुपारी कशाला घेतल्यास?

त्या रात्री ह्यांना गोष्ट सांगत सांगत मी शेवटापाशी आले आणि माझी जीभ खोकायला तयार होईना. मी म्हटलं, 'मग ती पास झाली.'

'आणि?'

'आणि तिला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. शाळेपुढं लिंबाचं झाड. एक दिवस तिचा बाप उन्हातून पायी चालत आला. धोतर धुळीनं भरलेलं. शाळेच्या दारात उभा राहिला, आत यायला लाजला. तिनं त्याला बघितलं, पाणी दिलं, आणि वर्गातल्या पोरींना म्हणाली, उभ्या राहा गं, माझे वडील आलेत. चाळीस पोरी एकदम उभ्या राहिल्या.'

ह्यांचा हात ताटात तसाच राहिला. डोळ्यांत पाणी. 'काय लिहितात लोक!' हे म्हणाले. आता मी काय बोलणार? मान खाली घालून भात वाढला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओट्यावर गोष्ट लावली. सहा संध्याकाळी चालली. शेवटाला आप्पा उपरण्यानं नाक पुसायला लागले आणि चाचांची मशीन बंद ती बंदच. मग चाचा म्हणाले, 'चाळीस पोरी?'

'चाळीस,' हे म्हणाले.

'सगळ्या उभ्या?'

'सगळ्या.'

'बापासाठी,' चाचा म्हणाले. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं तर तेही त्यांना दिसेना. आठ दिवसांत त्यांनी पोरीला धाराशिवला पाठवायचं ठरवलं. बहिणीला पत्र गेलं. सोमवारी आप्पांची बैलगाडी माल आणायला धाराशिवला जायची होती, तिच्यातून न्यायचं पक्कं झालं. चाचांनी तिच्यासाठी दोन कुडते शिवायला घेतले आणि शिवता शिवता गुणगुणायला लागले. आजवर त्यांचं गाणं मी ऐकलं नव्हतं. पोरगी तर जमिनीवर पाय टेकवीना.

मी हे सगळं खिडकीतून बघत होते. खोटं उघडं पडेल अशी धाकधूक होती, नाही असं नाही. पण म्हटलं, भूममध्ये मराठी कादंबरी वाचणारं दुसरं आहे कोण?

दुसरं कुणी नव्हतं. पण भाऊ होता ना माझा! तो मेला नेमका त्याच आठवड्यात पुस्तकं बदलून न्यायला आला. आला तो थेट ओट्यावर बसला. चाचांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, 'भाईसाब, ती हिरवी किताब तुम्हीच आणलीत ना? लई मोठं काम केलंत. त्या पोरी उभ्या राहतात ते ऐकून...'

'कुठल्या पोरी?' माझा भाऊ म्हणाला.

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

'शाळेतल्या. बाप येतो तेव्हाच्या.'

'छे हो!' भाऊ म्हणाला. 'ती शाळेत कुठं पोचते? मरते की. क्षयानं. तीन पानं खोकते नुसती.' आणि आमच्या घराण्याचा सत्यवादी पुतळा आरामात चहा प्यायला लागला.

चाचांनी ह्यांच्याकडं बघितलं. मग हे उठले आणि घरात आले. चिडले की हे आवाज खाली घ्यायचे. 'खोकते?' त्यांनी विचारलं.

'खोकते,' मी म्हटलं.

'आणि मी पेशकारसाहेबांना शिफारस केली! त्यांनी त्यांच्या मेहुण्याला सांगितलं!' ते कपाळाला हात लावून पाटावर बसले. थोड्या वेळानं त्यांना खरं काय ते सुचलं असावं, कारण चेहरा उतरला. 'चाचांच्या पोरीचं काय आता?'

मला तेच सुचून रडू येत होतं. राग माझा, खोटं माझं, आणि भोगायचं त्या पोरीनं. भावावर आग पाखडावी म्हटलं, तर त्याची चूक काय? सकाळी तो बार्शीला निघून गेला. पुस्तक मी त्याला नेऊ दिलं नाही.

दुपारी पोरगी शिलाई घेऊन आली नाही. संध्याकाळी चाचांनी ह्यांना निरोप धाडला, तोही अगदी नम्रपणे. 'अहलकारसाब, गाडी परवा जायची. त्याआधी मला किताबीतला शेवट ऐकायचाय. जसा लिहिलाय तसा. तेवढी मेहरबानी करा.'

पुस्तक घ्यायला हे आत आले. 'काय वाचू?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'मला विचारू नका.' मला धीरच नव्हता हो. खरं वाचा म्हणावं तर पोर घरात बसणार, खोटं वाचा म्हणावं तर ह्या माणसाला सांगू कोणत्या तोंडानं? कचेरीत लोक यायचे, अहलकारसाब, कागदावर एक वर्ष इकडचं तिकडं करा म्हणायचे, आणि हे त्यांना पाणी पाजून परत पाठवायचे.

हे ओट्यावर जाऊन बसले. शेवटचं पान उघडलं. मी खिडकीशी. दुकान आणि चाचांचं घर यांच्या मधल्या पडद्याआड चाचांची पोरगी उभी असणार, हे मला पडद्याच्या घडीवरून कळत होतं. आप्पा समोर. चाचांनी कात्री खाली ठेवली.

ह्यांनी बोट अक्षरांवर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. 'त्या... दिवशी... ऊन... फार होतं. शाळेपुढं... लिंबाचं... झाड होतं.'

अगं बाई! मी तोंडावर पदर धरला. माझाच शेवट वाचत होते! आणि काय ते वाचणं! बोट ओळीवरून सरकतंय, ओळ संपली की खालच्या ओळीवर येतंय. एवढंच नाही, नसलेल्या जोडाक्षरावर अडखळतायत! 'वि... विद्... विद्यार्थिनी,' म्हणून मागं आले, धाव घेतली. चार वर्षांच्या संसारात मला हा माणूस आवडत होताच, पण त्या घटकेला माझा जीव जितका त्यांच्यावर जडला तितका पुन्हा कधी जडला नाही. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस घामाघूम होऊन खोटं वाचत होता.

पोरी उभ्या राहिल्या. आप्पांनी सुस्कारा सोडला. चाचांचा चेहरा हळूहळू सैल पडायला लागला. आता सुटलो, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात पडदा हलला आणि पोरगी दारात आली. 'काका,' ती ह्यांना म्हणाली, 'पान उलटायचं राहिलं तुमचं.'

ह्यांचं बोट होतं तिथंच थांबलं. खरंच होतं तिचं. एवढी मोठी गोष्ट ह्यांनी एकाच पानावर वाचली होती, आणि त्या पानावर होत्या सगळ्या मिळून अकरा ओळी.

चाचा पोरीकडं वळले. 'तुला काय कळतंय त्यातलं?'

'मला वाचता येतं, अब्बा. काकींनी अक्षर शिकवलं. म्या वाचलीय ती किताब.'

आता तोंडात बोट घालायची पाळी माझी. चित्रं बघायला नेत होती ना ही! पाटीवर अक्षरं काढून देणारी मी, आणि पोरगी कादंबरीपर्यंत पोचली हे मला ठाऊकच नाही!

'मग सांग,' चाचा म्हणाले. 'काय होतं तिचं?'

'मरती. खोकून खोकून. मरताना बापाच्या पायावर डोकं ठेवती आन म्हनती, शिकायला नको हुतं.' तिनं कुठंही शब्द गिळला नाही. ह्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

'कधीपासून ठाऊक होतं तुला?'

'काकांनी इथं गोष्ट लावली त्याच्या आदीच वाचली हुती. काका शेवटाला आले तवा म्हनलं, ह्ये कुठलं?'

'आणि मला बोलली नाहीस?'

'कुडतं शिवताना गात हुता तुमी,' ती म्हणाली. 'मला न्हाय बोलवलं. पन आता काका तुमच्यासमोर बसून खोटं वाचायलेत, आन तुमी त्येच्यावर मला पाठवनार. उद्या कुनी दुसरं येऊन खरं सांगंल, मग तुमी मला अर्ध्यातून परत आनाल.'

बारा वर्षांची पोर! मी अठरा वर्षांची, चार यत्ता शिकलेली, एवढी पुस्तकं वाचलेली, पण हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

चाचांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, 'सगळं वाचलंस. ती कशी मेली तेही वाचलंस. तरी जायचं तुला?'

'हौ.'

'भीती न्हाय वाटत?'

'किताबीतली ती मेली, अब्बा,' पोरगी म्हणाली. 'मला कुठं खोकला हाय?'

आप्पा आधी हसले. मग चाचा हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाच लागले, उघड, ओट्यावर, बाजाररस्त्यानं माणसं जात-येत असताना. आप्पा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत कानडीत काहीतरी म्हणत होते. पुस्तक घेऊन हे घरात आले आणि मला म्हणाले, 'अकराच ओळी होत्या, आधी सांगायचं तरी!'

'तुम्हाला मोजता येतात ना,' मी म्हटलं.

सोमवारी सकाळी आप्पांची गाडी चाचांच्या दारात लागली. वाटेत एक मुक्काम होता, म्हणून मी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली. पोरीनं नवा कुडता घातला होता. कॉलरीपाशी एक टाका बारीक आणि एक मोठा, पण तिला त्याचं काही नव्हतं. गाडीत चढण्यापूर्वी ती आत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, 'काकी, सुट्टीत येईन तवा नवी किताब काढून ठेवा.' चाचा तिच्याबरोबर पोचवायला निघाले. ह्यांना म्हणाले, 'अहलकारसाब, आता त्या पोरी उभ्या राहिल्या न्हायत तरी चालतंय.' पण त्यांचं तोंड सांगत होतं, राहिल्या तर बरं.

गाडी वळणाआड गेली तरी मी खिडकीशीच होते. हसरं तोंड करून निरोप दिला होता, आणि आता रडं आवरेना. हुंदक्यावर हुंदके. हे घाबरले. 'अगं, रडतेस काय? चांगलंच झालं की सगळं.'

'मला पाचवीत जायचं होतं,' मी म्हटलं.

म्हणजे ते तोंडातून निघूनच गेलं. चौथीत माझा पहिला नंबर आला होता. मास्तर घरी येऊन वडिलांना म्हणाले होते, हिला पुढं शिकवा. वडील म्हणाले, बघू. ते बघेपर्यंत माझं लग्न ठरलं. हे सगळं मी ह्यांना रडत रडत, जसं आठवेल तसं सांगितलं. ऐकता ऐकता हे खाली बसले.

'चार वर्षं झाली आपल्या लग्नाला,' ते म्हणाले. 'कधी बोलली नाहीस ती.'

'बोलले की,' मी म्हटलं. 'रोज जेवताना बोलत होते. तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि चाचांना नेऊन सांगायचात.'